खुले पत्र: चौथी बाटली लावण्याआधी एकदा हृदय पाहू द्या

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, जळगाव, धुळे आणि नंदुरबार
प्रत: मा. अधिष्ठाता, तिन्ही जिल्ह्यांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागून. खान्देशातल्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि सातपुड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत हृदय दिसेल असे एक सोनोग्राफी यंत्र चोवीस तास हाताशी ठेवा. रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यावर चार-पाच गोष्टी ओळखता येतील एवढे शिक्षण द्या. आणि त्याने ते यंत्र रुग्णाच्या छातीवर ठेवले म्हणून उद्या त्याला गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली उत्तरे देत बसावे लागणार नाही, अशी लेखी व्यवस्था करा.

मी फिजिशियन आहे. तालुक्याच्या गावात छोटा आयसीयू चालवते. आजूबाजूच्या गावांतून, पाड्यांवरून, कधी सरकारी दवाखान्यातून रेफर होऊन, तर कधी गावातल्या डॉक्टरांकडे दोन बाटल्या लावून झाल्यावर रुग्ण माझ्याकडे येतात. त्यातले सगळ्यात अवघड रुग्ण शॉकचे. बीपी सत्तरच्या आसपास किंवा लागतच नाही, नाडी हाताला लागत नाही, हातपाय गार, लघवी सकाळपासून नाही, माणूस बरळतोय किंवा गप्प पडलाय. अवयवांना पुरेसे रक्त पोचत नाही, ही त्या क्षणाची अडचण. ती दूर करायला पहिला हात जातो तो सलाईनच्या बाटलीकडे. नातेवाईकही तेच सांगतात, "डाक्टर, पहिले सलाईन लाई द्या." डॉक्टरही लावतो, कारण काहीच न करण्यापेक्षा ते बरे वाटते.

बाटलीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टरने कॉलऱ्याच्या मरणपंथाला लागलेल्या रुग्णांना शिरेतून मीठपाणी दिले, तेव्हापासून या उपायाने किती जीव वाचवले याची गणती नाही. जुलाब-उलट्यांनी सुकलेला माणूस समोर असेल, डोळे खोल गेलेले असतील, कातडी ओढली तर तशीच राहत असेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) बिको काही नको. दोन्ही हातांना मोठ्या सुया लावा आणि आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) धो धो सोडा. तिथे प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा अंगावर ठेवायचा भाग, शोधण्यात घालवलेले मिनिट वाया गेलेले मिनिट. बाळंतपणानंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईला रक्त हवे आणि गर्भाशय आवळायला हवे, हेही यंत्र सांगणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे या पत्राचा कुणी भलता अर्थ काढणार नाही.

अडचण येते ती बाकीच्या रुग्णांत. बीपी पडण्याची कारणे मुळात चार. शरीरातले पाणी किंवा रक्त कमी झाले, रक्तवाहिन्या सैल पडल्या, जसे जंतुसंसर्गात होते, हृदयच दमले, किंवा रक्ताच्या वाटेत अडथळा आला, म्हणजे हृदयाभोवती पाणी साचले किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. पहिल्यात बाटली तारते. दुसऱ्यात थोडी तारते, जास्त झाली की मारते. तिसऱ्यात बहुतेक वेळा थेट नुकसानच करते. चौथ्यात ती वेळ काढून देते इतकेच, खरा उपाय वेगळाच असतो. आणि रात्री दोन वाजता खाटेवर पडलेले हे चारही रुग्ण बाहेरून सारखेच दिसू शकतात. स्टेथोस्कोप, बीपीचे यंत्र आणि बोटावरचा ऑक्सिमीटर या तीन गोष्टींच्या भरवशावर त्यांना वेगळे करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. मग बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेसाठी) आलेल्या, नुकत्याच एमबीबीएस झालेल्या मुलामुलींकडून आपण कोणती अपेक्षा करतो?

आपल्या भागातले रुग्ण डोळ्यांसमोर आणा.

विंचवाचे घ्या. उन्हाळा संपता संपता आणि पहिल्या पावसानंतर लाल विंचू चावलेली माणसे येऊ लागतात. त्यात लहान मुले बरीच. दगड उचलताना, सरपण काढताना, अंधारात अनवाणी चालताना. या विषाने शरीरातल्या चेतासंस्थेचे वादळ उठते. घामाने अंग निथळते, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे पडतात. बीपी आधी चढते आणि मग हृदयाचा डावा कप्पा थकून बीपी कोसळते, फुफ्फुसांत पाणी भरते. त्या दुसऱ्या टप्प्यावर मूल दवाखान्यात पोचले तर ते कसे दिसते? घामेजलेले, ओकून ओकून गळालेले, गार, बीपी नाही. हुबेहूब पाणी कमी झाल्यासारखे. कुणीही बाटली सोडेल. आणि अशा दमलेल्या हृदयावर वीस-तीस मिली प्रतिकिलोने पाणी ओतले, की तासाभरात तोंडातून गुलाबी फेस येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच रुग्णांवर आयुष्य वेचले, प्राझोसिनची साधी गोळी या विषाच्या परिणामांवर कशी उतारा ठरते हे जगाला दाखवले आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात खाली आणले. पण प्राझोसिन द्यायचे की हृदयाला जोर देणारे डोब्युटामिन सुरू करायचे, तोंडाने पाणी पाजून भागेल की शिरेतून द्यावे लागेल, हे ठरवायला हृदय किती जोराने आवळते आहे हे कळावे लागते. प्रोब छातीवर ठेवल्यावर ते दिसायला मिनिटभर पुरते. डावा कप्पा फुगलेला, भिंती जेमतेम हलताहेत, हे एकदा दाखवून दिले की शिकाऊ डॉक्टरही विसरत नाही.

दुसरे उदाहरण धान्यात ठेवायच्या गोळीचे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. कपाशीच्या पट्ट्यात, कर्जाच्या नि घरच्या ताणात, ही गोळी किती घरांत सहज सापडते हे आपल्याला सांगायला नको. पोटात गेल्यावर तयार होणारा फॉस्फीन वायू थेट हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. बीपी पडते. बाटल्यांमागून बाटल्या जातात. याला उतारा नाही आणि इकोने तो मिळणारही नाही. पण हृदय कमजोर झाले आहे हे वेळीच दिसले तर निदान पाण्याचा भार टळतो, आणि नातेवाइकांना खरी परिस्थिती सांगता येते.

बाळंतिणींचे तर मला फारच वाटते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत काही बायकांचे हृदय कारण न कळता अशक्त होते. शिवाय लहानपणीच्या सांधेज्वरातून झडप आकुंचन पावलेल्या पोरी आपल्याकडे अजून आहेत. झडपेचा आजार आहे हे पहिल्या बाळंतपणापर्यंत कुणाला माहीतच नसते. बाळंतपणानंतर अंगावरचे रक्त हृदयाकडे वेगाने परतते, दम लागतो, बीपी डळमळते. "अशक्तपणा आहे, बाटली लावा" असे घरचे म्हणतात, आणि कधी दवाखानाही म्हणतो.

क्षयरोगाने हृदयाभोवती पाणी साचलेला तरुण मजूर. पाय सुजलेला, मग एकाएकी धाप लागून कोसळलेली, पायातली गुठळी फुफ्फुसात गेलेली बाई. डेंग्यूच्या पाचव्या दिवशी बीपी पडलेला पोरगा. त्याला त्या दिवशी पाणी हवेच असते, पण पुढच्या दोन दिवसांत झिरपलेले पाणी परत रक्तात येते आणि तोच वेग चालू ठेवला तर तेच पाणी अंगावर येते. घोणस चावलेला शेतकरी, ज्याचे मूत्रपिंड बंद पडत चालले आहे आणि दिलेला प्रत्येक लिटर बाहेर पडणार नाही. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडची कुपोषित बालके, ज्यांच्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचाच दंडक सांगतो की शॉकमध्येसुद्धा पाणी जपून, तासाभरात १५ मिली प्रतिकिलोच्या हिशेबाने आणि सतत लक्ष ठेवून द्यावे. या सगळ्यांना एकच नियम कसा लागू पडेल?

तरीही नियम एकच शिकवला गेला. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये पहिल्या तीन तासांत ३० मिली प्रतिकिलो. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ही ठाम शिफारस होती. २०२१ च्या आवृत्तीत तिचा जोर कमी करून ती केवळ सूचना ठेवली आणि पुढचे पाणी शक्यतो हृदयाचा प्रतिसाद पाहून द्यावे, असे सुचवले. हा बदल तालुक्यापर्यंत पोचलेला मला तरी दिसत नाही.

जोर का कमी झाला, तेही पाहू. आपल्यासारख्याच ठिकाणी झालेले दोन अभ्यास प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचावेत असे मला वाटते. पहिला २०११ चा, युगांडा, केनिया आणि टांझानियातला. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ३,१४१ मुले. काहींना भराभर पाणी दिले, काहींना दिले नाही. ४८ तासांत, भराभर पाणी मिळालेल्यांत शंभरातली दहा-अकरा मुले दगावली; न मिळालेल्यांत सात. दुसरा झांबियातला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. जंतुसंसर्गाने बीपी पडलेली २१२ प्रौढ माणसे. ज्यांना ठरवून लवकर आणि जास्त पाणी, औषधे दिली, त्यांच्यातले ४८.१ टक्के रुग्णालयात दगावले. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांतले ३३ टक्के. या रुग्णालयांत व्हेंटिलेटर जवळपास नव्हते. रक्तक्षय, मलेरिया, एचआयव्ही, कुपोषण मात्र भरपूर होते. सातपुड्याच्या कुशीतले ग्रामीण रुग्णालय लंडन-न्यूयॉर्कपेक्षा त्या रुग्णालयांच्या कितीतरी जवळचे आहे.

म्हणून सरसकट कमी पाणी द्या, असेही मी म्हणत नाही. २०२२ आणि २०२३ साली युरोप आणि अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले, एका गटाला हात आखडून आणि दुसऱ्याला सढळ पाणी दिले. मृत्यूंत फरक पडला नाही. मला त्यातून एवढेच दिसते की सगळ्यांना जास्त किंवा सगळ्यांना कमी, यांपैकी कशानेच काम भागत नाही. बीपी पडलेल्या आयसीयूतल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचेच हृदय जादा पाण्याने जास्त रक्त फेकते, असे जुन्या-नव्या अभ्यासांतून वारंवार आले आहे. उरलेल्या निम्म्यांना ते पाणी फुफ्फुसांत, आतड्यांच्या भिंतींत आणि मूत्रपिंडांभोवती साचून त्रासच देते. समोरचा रुग्ण कोणत्या निम्म्यातला, हे ओळखायचे कसे, एवढाच प्रश्न उरतो.

पूर्वी मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालून दाब मोजायचे आणि त्यावरून पाणी ठरवायचे. तो आकडा या कामाला कुचकामी आहे हे आता सिद्ध झाले आहे. हृदय थेट पाहणे हा त्याहून प्रामाणिक मार्ग. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला इंगे एडलर आणि हेलमूट हर्ट्झ यांनी पहिल्यांदा ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. आज तेच काम लॅपटॉपएवढे यंत्र करते.

त्यात पाहायचे काय, ते सांगते, म्हणजे आपल्या कार्यालयात बसून निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांनाही हे फार गूढ प्रकरण नाही हे कळेल. छातीच्या हाडाच्या डाव्या बाजूने, हृदयाच्या टोकाकडून आणि बरगड्यांखालून प्रोब ठेवायचा. डावा कप्पा जोरात आवळतोय, मध्यम, की जेमतेम? उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा झालाय का? हृदयाभोवती काळी पट्टी, म्हणजे पाणी, दिसते का? यकृतामागून हृदयाकडे जाणारी मोठी शीर फुगलेली आहे की श्वासागणिक चपटी होते? आणि मग फुफ्फुसांवर प्रोब ठेवून, पाण्याच्या उभ्या पांढऱ्या रेघा दिसताहेत का? एवढेच. झडपांची मोजमापे नाहीत, लांबलचक रिपोर्ट नाही. आपत्कालीन विभागात गैर-हृदयरोगतज्ज्ञाने अशी मर्यादित तपासणी करावी, याला अमेरिकेतल्या इकोकार्डिओग्राफी आणि आपत्कालीन वैद्यकाच्या संघटनांनी २०१० सालीच संयुक्त पाठिंबा दिला आहे.

मोठ्या शिरेबद्दल एक सावधगिरी मात्र शिकवतानाच सांगायला हवी. नुसत्या तिच्या जाडीवरून पाणी ठरवणारे डॉक्टर मी पाहते, आणि ते चुकतात. स्वतःहून जोरजोरात श्वास घेणाऱ्या रुग्णात ती शीर फसवते. उजवे हृदय निकामी झाले की ती फुगलेलीच राहते. ती एकटी पुरावा नव्हे.

ज्याला थोडे पुढचे शिकायचे असेल त्याच्यासाठी एक सुंदर चाचणी आहे. रुग्णाला अर्धवट बसते ठेवा, डॉप्लरने हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वेग मोजा. मग डोक्याकडची बाजू सपाट करून पाय ४५ अंश वर उचला. पायांतले आणि पोटातले सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे येते. मिनिटाभरात पुन्हा मोजा. दहा-पंधरा टक्के वाढ झाली तर पाणी उपयोगी पडेल. नाही झाली तर बाटली थांबवा आणि रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू करा. पाय खाली ठेवले की ते रक्त परत जाते. बाहेरून एक थेंबही न घालता उत्तर मिळते. आणि हो, नॉरअ‍ॅड्रेनलिनसाठी मानेतल्या नळीची वाट पाहत बसायची गरज नाही. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून, पंपावर, लक्ष ठेवून थोडा वेळ देता येते, असे २०२१ चीच मार्गदर्शिका सांगते. म्हणून यंत्राबरोबर इन्फ्यूजन पंपाचीही मागणी करते. पंप नसेल तर हृदय पाहून काढलेला निष्कर्ष अमलात कसा आणायचा?

ज्या रात्री यंत्र बंद असेल त्या रात्रीसाठी बोटाचे टोक दाबून पाहणेही शिकवा. दहा सेकंद दाबायचे, सोडायचे, रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का पाहायचे. २०१९ साली पाच लॅटिन अमेरिकी देशांतल्या रुग्णालयांत या साध्या खुणेची तुलना रक्तातल्या लॅक्टेटशी (अवयवांना रक्त कमी पडले की वाढणाऱ्या घटकाशी) झाली. ती कुठेही कमी पडली नाही. तिला पैसा लागत नाही.

आता उलट बाजू. अपघात विभागातल्या शॉकच्या रुग्णांवर उत्तर अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफी केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांत जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. हे लपवून मी आपल्याकडे मागणी करणार नाही. यंत्राने माणूस वाचत नाही. यंत्रात दिसल्यावर उपचार बदलला तरच वाचू शकतो. जिथे बहुतेक रुग्णांना तसेही पाणीच लागणार होते, तिथे पाहून फरक पडला नसेल. आपल्याकडे विंचू, विषारी गोळी, झडपेचे आजार, क्षयाचे पाणी आणि कुपोषण यांची सरमिसळ आहे, व्हेंटिलेटर दूर आहे, आणि जास्त पाण्याची चूक इथे सुधारता येत नाही. म्हणून इथे पाहण्याची किंमत जास्त आहे, असे माझे मत आहे. ते चूक निघाले तर तेही कळावे, यासाठी पहिल्या वर्षाच्या नोंदी नीट ठेवाव्यात.

आता कायद्याकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, राज्यात ८९४. माझ्याच जिल्ह्यांतल्या माझ्याच व्यवसायातल्या लोकांच्या हातून हे घडले आहे. त्यामुळे या कायद्यात सूट द्या, पळवाट काढून द्या, असे मी कधीही म्हणणार नाही. बाई म्हणून नाही आणि डॉक्टर म्हणूनही नाही. जो प्रोब हृदय दाखवतो तोच पोटावर ठेवला तर गर्भही दिसतो, हेही खरे. तेव्हा यंत्रावर नजर राहिलीच पाहिजे.

पण आहे त्याच नियमांत जागा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हलवता येणारे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी वापरता येते. उपजिल्हा रुग्णालय यात बसते. उरतो प्रश्न नोंदणीचा, वापरणाऱ्याच्या पात्रतेचा आणि भीतीचा. आणि इथेच आपली भूमिका मोठी आहे. जिल्ह्यात या कायद्याचे समुचित प्राधिकारी आपणच, आणि शासकीय रुग्णालयांचे प्रमुखही आपणच. यंत्र सील करण्याचा अधिकार आणि रुग्ण वाचवण्याची जबाबदारी एकाच टेबलावर आहे. दुसऱ्या कुठल्या खात्याकडे फाईल पाठवण्याआधी बरेच काही त्याच टेबलावर ठरू शकते.

माझ्या सूचना अशा. अपघात विभागासाठी फक्त हृदयाचा प्रोब असलेले यंत्र घ्यावे, पोटाचा प्रोब त्याबरोबर नसावाच. ते भिंतीशी साखळीने बांधलेले असले तरी चालेल. प्रत्येक तपासणीची चित्रफीत वेळेसह आपोआप साठवली जावी आणि महिन्याकाठी आपल्या पथकाने ती तपासावी. शॉकच्या रुग्णाची केस पेपरवरची नोंद आणि यंत्रातली चित्रफीत जुळलीच पाहिजे. हृदयाची मर्यादित तपासणी शिकलेल्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव नोंदणीत कसे घालायचे, गरोदर बाईचे हृदय पाहावे लागले तर कोणता फॉर्म भरायचा आणि तो तपासणीनंतर भरला तर चालेल का, या प्रश्नांची उत्तरे एका पानावर, आपल्या सहीने, प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लागावीत. जे आपल्या अधिकारात नाही त्यासाठी राज्याच्या प्राधिकाऱ्याकडे तिन्ही जिल्ह्यांचे एकत्र पत्र जावे. या कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सव्वीस वर्षांचा डॉक्टर तोंडी परवानगीवर रात्री दोन वाजता प्रोब उचलणार नाही, आणि त्याने तसे उचलावे अशी अपेक्षाही आपण ठेवू नये.

शिक्षणासाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारची महाविद्यालये आहेत. दोन दिवसांचे प्रात्यक्षिक आणि त्यानंतर देखरेखीखाली २५ ते ५० तपासण्या, असा सर्वसाधारण पायंडा जगभर आहे. नुसत्या दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर कुणाला सोडू नका. हृदयाभोवतीची चरबी पाणी समजून सुई घालणारा अर्धशिक्षित हात बाटलीपेक्षा जास्त घातक आहे. पहिले काही महिने प्रत्येक चित्रफीत महाविद्यालयातल्या वरिष्ठाने त्याच दिवशी पाहावी. सिस्टरांनाही या शिक्षणात बसवा. पाय उचलणे, पंप लावणे, पाण्याचा हिशेब ठेवणे हे सगळे त्यांच्याच हातून होते, आणि डॉक्टर बदलून गेल्यावर ज्ञान त्यांच्याकडे राहते.

एक गोष्ट तर यंत्राशिवाय उद्याच सुरू करता येईल. रेफर चिठ्ठीवर "आयव्ही फ्लुइड दिले" एवढेच लिहिलेले असते. किती मिली, किती वाजल्यापासून, दिल्यावर बीपी किती झाले, छातीत कुरकुर आवाज येऊ लागला का, लघवी किती, याचे रकाने चिठ्ठीवर छापून घ्या. १०८ च्या डॉक्टरलाही तीच चिठ्ठी द्या, कारण तोरणमाळ किंवा धडगावहून नंदुरबारला येताना घाटात अजून एक बाटली संपते आणि तिचा हिशेब कुणाकडेच नसतो. रुग्ण माझ्या दारात येतो तेव्हा त्याच्या अंगात एक लिटर गेले की तीन, हे मला पायाची सूज दाबून ओळखावे लागते.

यंत्रांचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून बसू शकेल. सगळीकडे एकदम नको. चोपडा, शिरपूर आणि धडगाव अशा तीन ठिकाणी आधी करून पाहा. एक केळीच्या पट्ट्यातले, एक महामार्गावरचे, एक डोंगरातले. विंचू-सापांचा हंगाम मे अखेरीस सुरू होतो. त्याआधी पहिली तुकडी शिकून तयार व्हावी असे मनापासून वाटते.

शिकवायला मी येते, मानधन नको. शनिवार-रविवार देता येतील. माझ्या ओळखीचे आणखी काही फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ तयार आहेत. आमची यंत्रे आमच्या नोंदणीकृत जागेतून हलवता येत नाहीत आणि आम्ही ती हलवणारही नाही. त्यामुळे यंत्र आणि जागा आपल्या रुग्णालयाची लागेल, आणि शिकवणाऱ्यांची नावे त्या दोन दिवसांपुरती कशी नोंदवायची हे आपल्याकडून लेखी लागेल. तेवढे पत्र आले की तारीख ठरवू.

आपली,
खान्देशातील एक फिजिशियन